वेल्समधला मंगळवार

माझ्या थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत मंगळ होता आणि आमचे वडील इंग्रजीचे शिक्षक होते. या दोन गोष्टी एका घरात आल्या नसत्या तर बरं झालं असतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिची दोन-तीन स्थळं मंगळापायी मोडली होती. आई तिला मंगळवारचा उपास धरायला लावायची आणि वडील चिडायचे. अशात शाळेच्या वाचनालयात त्यांना वेल्श भाषेतल्या वारांची कुळकथा सापडली. रोमन लोकांनी इंग्रजांच्या शेजारचा तो वेल्स मुलूख जिंकला आणि जाताना आपले वार मागे ठेवले. मार्स म्हणजे मंगळ, म्हणून मंगळवार झाला ‘मावर्थ’. वडिलांना घबाडच मिळालं. “वार म्हणजे माणसांनी एकमेकांकडून उचललेली नावं! त्यात ग्रहाचं काय?” जेवताना, दाढी करताना तोच विषय. पाठीमागे आम्ही त्यांना ‘वेल्सचे जावई’ म्हणायचो.

मग कल्याणचं स्थळ आलं. मुलगा येऊन बघून गेला, पसंती कळवली. बहिणीलाही तो फार आवडला होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. मोठ्यांची बोलणी शुक्रवारी ठरली. आमच्या कामतघर वस्तीत बोलण्याची कामं शुक्रवारीच व्हायची, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या कापडाच्या लूमची खडखड बंद. एरवी चहात साखर किती तेही ओरडून विचारावं लागे.

मुलाच्या वडिलांनी पत्रिकेचा विषय काढला. आमचे वडील वाटच बघत होते. रोमन झाले, वेल्स झालं, मावर्थ झाला. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मास्तर, साता समुद्रापलीकडचे लोकही मंगळ मानतात म्हणा की,” ते म्हणाले. “मी या बाबतीत जरा डळमळीतच होतो. बरं झालं सांगितलंत.”

वडील नुसतं “तसं नव्हे, तसं नव्हे” करत राहिले. पाहुणे ‘कळवतो’ म्हणून उठले. कळवलं नाहीच.

आत शब्द न् शब्द ऐकू गेला होता. बहीण बाहेर आली. मला वाटलं, रडेल.

“बाबा, ते डळमळीत होते,” ती म्हणाली. “तुम्ही नुसते गप्प बसला असतात तरी चाललं असतं.”

पुढच्या स्थळाच्या वेळी वडील आपणहून चपला घालून बाहेर निघून गेले. त्याच्या पुढच्या वेळीही. नंतर स्थळं यायची थांबली आणि ते घरात बसू लागले.