वेशीवर बंद केलेली गाडी

मला माझ्या नवऱ्याच्या गाडीची लाज वाटायची.

तोंडावर सांगायचे त्यांना. भांडून सांगायचे.

दिलीप जाऊन आज वर्ष झालं.

दोन हजार एक-दोनची गोष्ट असेल. ते सातपूरला एका कंपनीत टूलरूममध्ये होते. त्यांच्या मित्रांनी एकेक करून चार दारांच्या, बायकापोरांना घेऊन फिरता येईल अशा गाड्या घेतल्या. आमच्या ह्यांनी कुणाची तरी जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली.

"आणि पोरगी कुठे बसणार?"

"तुझ्या मांडीवर."

गाडी दिसायला झकास, पण इंजिन अगदीच लहान. स्टार्ट केली की शिलाई मशीन चालल्यासारखं वाटायचं. ते ह्यांच्या जिवाला लागलं.

मग प्रत्येक रविवार एमआयडीसीतल्या मित्राच्या शेडमध्ये. गाडीचा मूळ सायलेन्सर काढून टाकला. नवे पाइप वाकवले, वेल्डिंग केलं. आवाज दाबायला आत ग्लासवूल भरलं, काढलं, पुन्हा थोडं भरलं.

पहिला पाइप जरा जास्तच जाड झाला. आवाज वाघाचा आला, पण गाडीचा दम गेला. दिंडोरी रोडच्या चढावर कांद्यानं भरलेली पिकअप आम्हाला ओव्हरटेक करून गेली. मागे गोण्यांवर बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती.

मी डोक्यावरून पदर घेतला.

दिलीप म्हणाले, "पाइप थोडा बारीक करावा लागेल."

शेवटी एकदाचं जमलं. जोरही वाढला, आवाजही. "ऐक, फाटत नाही, घुमतोय," असं ते कौतुकानं सांगायचे. घुमायचा खराच. सकाळी फर्स्ट शिफ्टला निघाले की अख्खी कॉलनी जागी.

शेजारच्या देवरेकाकू रोज म्हणायच्या, "अगं, मिस्टरांना सांग ना जरा. आमच्याकडे बीपीचा पेशंट आहे." हळदीकुंकवाला गेले तर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. ओटी घेतानाही माझी मान खाली.

घरी येऊन मी भांडायचे.

"जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा! त्या गाडीतून उतरताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

ते हसून हात पुसत राहायचे. मला वाटायचं, हे सगळं कानाआड करतायत.

माझं माहेर दिंडोरीच्या पुढे. वडील, म्हणजे आमचे तात्या, द्राक्षबागाईतदार. गावात तर आमच्या आधी आमचा आवाज पोचायचा. दारात गाडी थांबेपर्यंत तात्या ओट्यावर येऊन उभे.

"जावईबापू, लय भारी वाजती बरं का!"

मला वाटायचं, जावई आहे म्हणून बोलतात. जावयाला कोण नावं ठेवणार?

मग तात्यांनी अंथरूण धरलं.

एका दुपारी धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. "ताई, लगोलग नीघ. तात्यांचं काय खरं नाय."

पोरीला देवरेकाकूंकडे ठेवलं आणि निघालो. त्या दिवशी गाडी अशी पळाली की काही विचारू नका. सगळ्या रविवारांचं चीज झालं.

वेशीवरच्या मारुतीपाशी आलो. आमच्याकडे दुखणेकऱ्याच्या घरी जाताना चपलासुद्धा वाजू देत नाहीत. लांबून दिसत होतं, आमच्या अंगणात माणसं बसली होती. मी फक्त ह्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी तिथेच गाडी बंद केली.

"तू हो पुढे. मी ढकलत आणतो."

रस्ता अरुंद, मध्ये सोडता येत नव्हती. मी बागेच्या कडेनं झपाझप चालत निघाले. मागून कुणीतरी विचारलेलं ऐकू आलं, "जावईबापू, बंद पडली काय?"

"हो ना. बंद पडली."

त्या गाडीबद्दल वावगा शब्द ऐकून न घेणारा माणूस हे बोलला. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ह्यांना कळतं सगळं म्हणून.

घरात गेले तर तात्यांचे डोळे मिटलेले. "तात्या, मी आले." पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. दिवस मावळायच्या आत गेले.

तेरावं झाल्यावर बाळू माझ्यापाशी येऊन बसला आणि रडायलाच लागला.

"ताई, सकाळपासून निपचित पडेल व्हते. तुमच्या गाडीचा आवाज आला तसे डोळे उघडले. म्हणले, आली माझी पोर, बसवा मला. आम्ही बसवलं. मंग आवाज बंद झाला. लय वाट पाह्यली त्यांनी. म्हणले, फिरली का रं माघारी? अन् आडवे झाले, ते झालेच."

हे मी दिलीपना कधी सांगितलं नाही.

पुढे गाडी विकली, पोरीचं लग्न झालं, ते रिटायर झाले. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले, "आयुष्यात एक काम शहाण्यासारखं केलं बघ मी. तुझ्या माहेरी त्या दिवशी गाडी बंद केली."

मी म्हटलं, "हो. फार बरं केलंत."

दुसरं काय बोलणार होते? तो माणूस कधी कुणाला लाजला नाही. त्याला लाजायला मी शिकवलं, आणि तो शिकला तो नेमका त्या दुपारी.

आज लाज वाटते ती ह्याची. गाडीची नाही.

दिलीप, तुम्ही असताना सांगितलं असतं तर उराशी धरून बसला असतात. आता तात्या तुम्हाला तिकडे भेटलेच असतील. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांगा, स्वतःवर घेऊ नका.

आणि एवढं सांगा त्यांना, की पोर माघारी फिरली नव्हती. बागेच्या कडेनं येत होती.

तुम्हा दोघांनाही माझा नमस्कार.