आंटीजींच्या उजव्या हाताला

मला क्वायरबरोबर परदेशी नेणार आहेत हे कळल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "फुकट? फुकट कशाला नेतील?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा रेल्वेत गार्ड. अमळनेरकडून बदलीवर जयपूरला आलेले, आणि आम्ही स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो. मी एका मिशनच्या शाळेत लहान मुलांना शिकवत होते. रोजच्या प्रार्थनेला मुलांकडून गाणी म्हणवून घेताना तिथल्या गणिताच्या सरांनी माझा आवाज ऐकला. हेच सर रविवारी त्यांच्या चर्चच्या क्वायरचे, म्हणजे गायकवृंदाचे, मास्टर असत. त्यांची एक आल्टो, म्हणजे बायकांमध्ये खालचा सूर धरणारी, लग्न होऊन कोट्याला गेली होती.

"बेटा, इतवार को आ सकती हो?" त्यांनी विचारलं.

खालचा सूर धरणं मला नवं नव्हतं. आजोळी मामाची गायन पार्टी होती, बुद्धगीतं म्हणणारी. मामा पुढे पेटी घेऊन बसे आणि मागच्या कोरसात मी परकर नेसायच्या वयापासून. त्यामुळे मी गेले. शाळेच्याच कामातला भाग म्हणून बाबांनी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. पण वर्षभराने स्कॉटलंडमधल्या एका चर्चचं बोलावणं आलं. त्या गावचे डॉक्टर पूर्वी कधी तरी राजस्थानात दवाखाना चालवायचे, त्या ओळखीने. तिथल्या गावागावांतून हिंदी भजनं गायची, लोकांच्या घरी राहायचं, खर्च त्यांचा. तेव्हा मात्र घरात वातावरण बदललं.

"आपण एकदा धर्म बदललाय," बाबा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आणि तो विचार करून बदललाय. घडीघडी बदलायला ती काय ड्यूटी आहे?"

दुसऱ्या दिवशी ते गणवेश घालूनच मास्टरांना भेटायला गेले. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी थेट विचारलं, "मुलीच्या गळ्यात काही घालणार तर नाही ना?"

"गार्डसाहेब," मास्टर म्हणाले, "मला तिच्या गळ्यातून काढायचंय. घालायचं काही नाही."

मास्टर स्वतःच हसले. बाबा हसले नाहीत, पण सही केली. आईने तिच्या परीने बंदोबस्त केला. क्वायरला पांढरी साडी लागणार होती. माझ्याकडे वंदनेला नेसायची पांढरी साडी होतीच, पण आई म्हणाली, "ती तिथे न्यायची नाही. दुसरी घेऊ."

संशय एकाच बाजूने नव्हता. क्वायरची मंडळी माझ्याशी गोड बोलायची, पण मी खोलीत शिरले की चाललेलं बोलणं थांबायचं. एकदा मी पायऱ्यांवर चप्पल काढत असताना आतून एका सोप्रानो, म्हणजे वरचा सूर गाणाऱ्या, मुलीचा आवाज आला, "तिला गाण्याचं काय पडलंय! विलायत बघायला आली आहे ती. परत येताना मोजून घ्या."

हे मोजून घेण्याचं प्रकरण मला नंतर कळलं. दुसऱ्या कुठल्याशा शहरातल्या क्वायरमधले दोन जण असेच दौऱ्यावर गेले आणि तिथेच गायब झाले, अशी बातमी सगळीकडे फिरत होती. मास्टरांनी तिचा धसका घेतला होता. तिकडच्या विमानतळावर उतरून इमिग्रेशन पार पडताच त्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, एका कापडी पिशवीत घातले आणि पिशवी शर्टाच्या आत गळ्यात अडकवली. त्यामुळे पुढे सगळा दौराभर त्यांचं पोट चौकोनी दिसत राहिलं.

आणि आंटीजी. त्या माझ्यासारख्याच आल्टो. जयपूरच्याच सोडाला भागात एकट्या राहायच्या. दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झालेल्या. उंच, सडसडीत, पांढरे केस घट्ट बांधलेले. कोणाशी फार बोलत नसत, आणि त्या बोलायला लागल्या की बाकीचे गप्प बसत. पहिल्या रविवारी त्यांनी मला दंडाला धरून आपल्या उजव्या हाताला उभं केलं आणि तेव्हापासून ती माझी जागा ठरली.

गाताना त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. चुकून नजर गेली असं नव्हे. वही समोर धरलेली, पण डोळे तिरपे माझ्या ओठांवर. सुरुवातीला वाटलं, माझे हिंदी उच्चार तपासतायत. मग वाटायला लागलं की ही बाई बघतेय मी त्यांच्या देवाचं नाव खरोखर उच्चारते की नुसतेच ओठ हलवते. त्या विचाराने मी आणखी मोठं तोंड उघडून, एकेक अक्षर सुटं करून गायला लागले. माझ्या त्या गाण्यात भक्ती किती होती माहीत नाही, धास्ती मात्र भरपूर होती.

दौऱ्यावर निघण्याआधी त्या सोप्रानो मुलीनेच मला सांगितलं, "तुम्ही आंटीजींच्या खोलीत आहात. त्यांनी स्वतः मागून घेतलंय तुम्हाला." आणि मग हसली. मला त्या हसण्याचा एकच अर्थ लागला. माझ्यावर पहारा बसवला होता.

स्कॉटलंडमधलं आमचं पहिलं गाव समुद्रकाठी होतं. राखाडी दगडांची घरं, आणि उन्हाळा म्हणतात त्या दिवसांत आमच्या जयपूरच्या पौषातली थंडी. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी आम्हा दोघींची सोय होती. सकाळी मी उठून आंटीजींना "नमस्ते" म्हणाले. त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्याही नाहीत. मी पुन्हा म्हणाले. तरी नाही. चार माणसांसमोर मंडळी निदान गोड तरी वागायची, पण खोलीत दोघीच असताना तेवढाही मुलाहिजा नव्हता. मी टॉवेल उचलला आणि बाहेर पडले.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर घरच्या आजींनी मला विचारलं, जेवणाआधीची प्रार्थना तुमच्या भाषेत म्हणाल का? मास्टरांनी बजावून ठेवलं होतं की आपल्या घरगुती गोष्टी तिथे सांगत बसायचं नाही. पण दुसऱ्याच्या ताटासमोर खोटं कसं बोलणार? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की मी बौद्ध आहे, मला तुमची प्रार्थना येत नाही, पण तुम्ही म्हणा, मी ऐकते. आजींनी आजोबांकडे पाहिलं. आंटीजी खाली मान घालून लोण्याचा चाकू पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तालमीला मास्टरांनी मला बाजूला घेतलं.

"काल जेवताना काय बोललीस तू?"

मी काय ते समजून गेले. टेबलावर आम्ही चौघंच होतो. त्या दोघा म्हाताऱ्यांना काय पडलंय चुगल्या करायला? राहिल्या कोण? त्या दिवसापासून मी आंटीजींसमोर तोंड उघडलं ते फक्त गाण्यापुरतं. बॅगेला कुलूप लावायला लागले. घरी पाठवायची पत्रं बाथरूममध्ये बसून लिहिली. एकदा त्यांनी मला विचारलं, "थंडी वाजते का तुला? माझी शाल घे." मी म्हटलं, "नको." शालीचंसुद्धा मला काही तरी कारण दिसत होतं.

हे असं चालू असताना एका मोठ्या गावात कार्यक्रम होता. चर्च एवढं मोठं की बोललेलं भिंतीवर आपटून परत यायचं. तिथल्या पायऱ्या अरुंद होत्या, म्हणून मास्टरांनी ऐन वेळी रांगा बदलल्या. उंच बायका मागे, बुटक्या पुढे. मी पुढे आले आणि आंटीजी थेट माझ्या पाठीमागे गेल्या. मला तर सुटल्यासारखं झालं. आज कोणी तोंडाकडे बघणार नव्हतं.

तिसऱ्या भजनात मध्ये एक थांबा होता. सगळ्यांनी श्वास घ्यायचा, ऑर्गनचे चार स्वर वाजू द्यायचे आणि मग आल्टोंनी उचलायचं. आम्ही थांबलो. आणि त्या चार स्वरांच्या मध्येच माझ्या डोक्यामागून एकट्या आंटीजींचा आवाज उठला. खणखणीत, निर्धास्त. एक पूर्ण ओळ. मास्टरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी घाईघाईने आम्हा सगळ्यांना आत ओढलं आणि भजन कसंबसं पार पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असेल असंच असतं हे.

बाहेर आल्यावर मास्टर लाल झाले होते. ते आंटीजींना काही बोलले नाहीत, त्यांना बोलायची कोणाची टाप नव्हती. माझ्याकडे आले. "तू काही म्हणालीस का त्यांना? त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं आज."

मी नाही म्हटलं, पण डोक्यात चक्र फिरायला लागलं. परतताना समुद्राच्या कडेने चालायचं होतं. आंटीजी माझ्या पुढे चार पावलं. मी हळूच हाक मारली, "आंटीजी." त्या चालत राहिल्या. मी थोडं मोठ्याने म्हटलं, "आंटीजी, तुमची पर्स पडली." पर्स त्यांच्या काखेत होती. कुठलीही बाई निदान काखेत चाचपून पाहील. त्यांनी पावलाचा वेगसुद्धा बदलला नाही.

मी धावत पुढे गेले आणि त्यांच्या समोर उभी राहिले.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. ते मला आता दिसलं. त्यांनी आधी मागे पाहिलं, बाकीचे किती लांब आहेत ते.

"डाव्याने काहीच नाही," त्या म्हणाल्या. "उजव्याने थोडं. जवळ असेल तर."

"म्हणून तुम्ही माझ्याकडे बघता?"

"तू श्वास घेतेस ना, तो दिसतो. खांदे उचलतेस. बाकीच्या बायका नुसत्या कुजबुजल्यासारख्या गातात, त्यांचं काही कळत नाही. तू घेतलास की मी घेते. आज मागून नुसते खांदे दिसले, तोंड नाही. गाणी पाठ आहेत मला. फक्त कधी सुरू करायचं तेवढं कळत नाही."

"आणि खोली मागून घेतलीत ती?"

"मंडळीतली कोणी असती तर दोन दिवसांत ओळखलं असतं आणि रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळलं असतं. तू आमच्यातली नाहीस. तू सांगणार कोणाला?"

मला राग आला आणि हसूही. मी जेवणाच्या टेबलाची गोष्ट काढली, मास्टरांना तुम्हीच सांगितलंत ना, म्हणून. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. टेबलावर त्या दिवशी कोण काय बोललं यातलं त्यांना अक्षरही कळलं नव्हतं. संध्याकाळी मी घरच्या आजींनाच विचारलं, तेव्हा त्या गोंधळून म्हणाल्या की हो, मीच फोन केला होता तुमच्या मास्टरांना. बौद्ध माणसं जेवणात काय खातात ते विचारायला.

त्यानंतर आम्ही दोघी बोलायला लागलो. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोरासमोर, तोंड जवळ नेऊन. मास्टरांना लांबून दिसायचं ते एवढंच, की कालपर्यंत एकमेकींकडे न बघणाऱ्या दोघी आता कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून काही तरी ठरवतायत. त्यात मी जाऊन त्यांना म्हटलं, "सर, काही झालं तरी आम्हाला शेजारीशेजारीच उभं करा."

"का?"

कारण सांगता येत नव्हतं. आंटीजींनी शपथ घातली होती.

"असंच," मी म्हटलं.

मास्टरांचा हात नकळत शर्टावरच्या त्या चौकोनाकडे गेला. त्या दिवसापासून ते आमच्या मागेपुढे राहायला लागले. बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर. दुकानात आम्ही स्वेटर बघत असताना दाराशी. एकदा आम्ही दोघी स्टेशनवरच्या बाथरूमला गेलो, तर बाहेर ते आणि एक बेस, म्हणजे पुरुषांतला खालचा सूर, गाणारा धिप्पाड गृहस्थ, दोघे दोन दारांशी उभे. आंटीजींना ऐकू येत नसलं तरी हे सगळं दिसत होतं. "त्यांना वाटतंय आपण पळणार," त्या मला म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की मास्टरांचा संशय आणखी पक्का झाला असणार.

पुढच्या सगळ्या कार्यक्रमांना मी खांदे जरा जास्तच उचलून श्वास घेतला. एकही जागा चुकली नाही.

परतीच्या विमानतळावर मास्टरांनी सगळ्यांना पासपोर्ट दिले. आम्हा दोघींचे शेवटी, काउंटरच्या अगदी तोंडाशी. विमानाने जमीन सोडली तेव्हा ते आसनावर मागे रेलले आणि मी पहिल्यांदा त्यांना झोपलेलं पाहिलं.

जयपूरला बाबा प्लॅटफॉर्मवर होते. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि मग बॅग घेतली.

नाताळ झाल्यावर आंटीजींनी क्वायर सोडली. मास्टरांना कारण त्यांनी स्वतःच सांगितलं असं ऐकलं. त्यानंतर मी सोडाल्याला त्यांच्या घरी जायला निघाले, तर बाबा म्हणाले, "मीही येतो." त्यांच्या स्कूटरवर गेलो. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. भिंतीवरच्या क्रूसाकडे, टेबलावरच्या पुस्तकांकडे, आणलेल्या चहाकडे, सगळ्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि मगच कप उचलला.

आंटीजी मला म्हणाल्या, "इतके दिवस तू माझ्या शेजारी उभी राहिलीस. पण बाकीच्यांच्या गलक्यात मला तुझा आवाज वेगळा असा कधी कळलाच नाही. ये इथे."

त्यांनी मला उजव्या कानाशी बसवलं. बाबांसमोर चर्चचं भजन म्हणायचं मला जड गेलं, म्हणून मी शाळेतल्या मुलांचं एक साधं गाणं म्हटलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. या वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

गाणं संपल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "जाड आहे जरा. पण आल्टोला चालतो."

बाबांनी कप खाली ठेवला. नमस्कार केला, बाईंनी दिलेला केक घेतला, जिना उतरले. स्कूटरला किक मारायच्या आधी मात्र माझ्याकडे वळले.

"त्यांना ऐकू येत नाही ना?"

"कमी येतं."

"मग जाड आहे हे कसं कळलं?" बाबा म्हणाले, आणि सोडाल्याचा चौक येईपर्यंत त्याच विचारात होते.