वारुळातले लाल कण

घरात तिला सगळे ‘दगडवाली’ म्हणत; हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. सून भूगर्भशास्त्रज्ञ. लेक जेमतेम चालायला लागली होती आणि हिऱ्यांच्या शोधमोहिमेचं बोलावणं आलं. ती नाही म्हणणार होती. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, “पोरीचं मी बघते. तू जा. इथे तोंड पाडून बसलेलं मला चालायचं नाही.”

ती गेली. हिरा इतका विरळ, की थेट त्याला शोधण्यात अर्थ नसतो. शोधायचे ते त्याच्याबरोबर जमिनीच्या पोटातून वर आलेले सोबती, म्हणजे गार्नेटचे जांभळट लाल कण. ती ओढ्याची वाळू चाळायची, जड कण भिंगाखाली निवडायची. खालच्या अंगाला ते झिजून गुळगुळीत झालेले. वर जावं तसे खडबडीत. म्हणजे मूळ खडक जवळच!

पण एका वळणापुढे कण गायबच झाले. बाजूला नुसतं माळरान, त्यावर मातीचा जाड थर. वरिष्ठांनी गाशा गुंडाळायची भाषा सुरू केली. तेव्हा तिला माळावरची वारुळं आठवली. वाळवी खोलवरची माती वर आणते. तिने तीच माती चाळायला घेतली.

गाडीचे चालक काका हसले. “ताई, आता वाळवीला पत्ता विचारायचा का?”

“विचारून तर बघू!”

हसत हसत काकांनीही चाळण हातात घेतली, आणि ते उन्हातान्हात तिच्याबरोबर खपले. अखेर एका वारुळात लाल कण सापडले, कडा शाबूत असलेले. तिथे यंत्राने भोक पाडलं, तर हिरे पोटात घेऊन येणारा निळसर खडक वर आला. तिने काकांचे हात घट्ट धरले.

त्या खडकात हिरे निघाले, पण बारीक आणि मोजके. खाण काही झाली नाही. ती खडकाचा तुकडा घेऊन घरी परतली.

“मिळाला का हिरा?” सासूबाईंनी दारातच विचारलं.

“खडक मिळाला. तुम्ही पोरीला सांभाळलंत, म्हणून मिळाला, आई.”

सासूबाईंनी तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला. “बरं बरं. आधी हात धू. घरभर माती करू नकोस.”

पुढे कितीतरी दिवस त्या आल्यागेल्याला तो तुकडा दाखवत होत्या. “आमच्या सुनेने शोधलाय. नीट धरा, पाडाल!”