फळ्यावरची उभट अक्षरं

लढाईच्या वर्षांत जबलपुरातल्या आमच्या कारखान्यात मी पेंटर होतो. दारूगोळ्याच्या पेट्यांवर इंग्रजी अक्षरं छापायची, हे माझं काम. पेटीच्या फळ्या अरुंद आणि मजकूर लांबलचक, म्हणून पत्र्याच्या छाप्यांसाठी मी स्वतःची अक्षरं काढली. उभट, अंग चोरून उभी असलेली, पण डोक्याशी नि पायाशी जाड चौकोनी पट्ट्या. खरबरीत लाकडावर, मिणमिणत्या दिव्यातसुद्धा ती वाचता यायची. मला त्यांचा फार गर्व होता. आता त्याचीच चीड येते.

दादा त्याच कारखान्यात बारूद भरायच्या शेडमध्ये टेम्पररी होता. तिथे स्फोट झाला आणि तो गेला. पुढे गेटजवळ मृतांच्या नावांचा फळा लावायचं ठरलं. काम अर्थात माझ्याकडे आलं. दिलेल्या नावांत दादा नव्हता. मी फोरमनला गाठलं.

"ऑर्डर परमनंटचीच आहे, भैया."

"जळताना विचारलं होतं काय कोणी, टेम्पररी का परमनंट?"

"माझ्याशी काहून भांडून राहिला? फळ्यावर जागा उरली तर साहेबांशी बोलतो."

जागा उरली तर! मी हट्टाला पेटलो. माझी उभट अक्षरं आणखी आवळली, एकेका ओळीत दोन-दोन नावं बसवली. मेलेल्या माणसांना असं कोंबलं, पण दादासाठी खाली चांगली ऐसपैस जागा काढली.

फोरमन साहेबांकडे जाऊन आला. "चलो, बरं झालं जागा उरली. उद्घाटनाला पाहुणे येऊन राहिले ना, त्यांचं नाव टाक तिथे. जरा मोठं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण वहिनीला दादाच्या जागी कामावर घेणं त्याच साहेबांच्या हातात होतं. मुकाट्याने लिहिलं. नोकरी तिला शेवटपर्यंत मिळाली नाही, ते वेगळंच.

उद्घाटनाला वहिनी कांचघर वस्तीतून आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. भाषणं संपल्यावर ती फळ्यापाशी गेली. वरच्या दाटीवाटीच्या ओळींवरून तिची नजर खाली उतरली आणि तिने पाहुण्यांच्या नावावर हात ठेवला.

"हेच ना यांचं नाव, भाऊजी? किती मोठं लिहिलं तुम्ही!"

डोक्यावर पदर घेऊन तिने त्या नावाला नमस्कार केला.

मी हो म्हणालो.