हिरो नसलेली कव्हरं

शेवंताला जाऊन म्हैना उलटला. दवाखान्याचा फोन शेजारच्या घरी आला तवा मी भाकरी थापत होते. शेजारीण दारात येऊन नुसती उभी राहिली. मी म्हंटलं, बोल. तिनं पदर डोळ्याला लावला. मी तव्यावरची भाकरी उलटली, भाजून घेतली, गॅस बंद केला आन् मग चप्पल घातली. लोक म्हंत्यात, हिला रडू बी आलं न्हाय. न्हाय आलं. मला राग आलता, आन् त्यो अजून गेला न्हाय. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, म्हणून मी सांगते आन् शेजारीण लिहून घेते. माझं बोलणं गोड करू नको, म्हणून बजावलंय तिला.

शेवंता माझी धाकटी जाऊ. माझा नवरा दारूनं गेला, तिचा ट्रकनं. मागं राहिलो आमी दोघी, माझा दीपक आन् तिची सुमी, एका खोलीत. शिरोळकडं उसातलं तण भांगलायला जायचो, आन् कोल्हापुरात पिक्चरची माणसं आली की तिकडं. गर्दीला लागत्यात न्हवं बायका. मोळी घेऊन हिरोच्या मागनं जायचं, हंडा घेऊन मागनं जायचं, आग लागली की बोंबलत पळायचं. पन्हाळ्यावर भर उन्हात अनवाणी उभं केलं होतं, का तर गावातल्या बायका चप्पल घालत न्हाईत म्हणं. हिरो बोलायचं विसरला की परत पहिल्यापासनं. त्याला छत्री, आमाला दगड. जेवायला हिरोची ताटं, मग कॅमेरावाले, मग ड्रायव्हर, आन् तळाची आमटी उरली तर आमी. लग्नाचा सीन असला की मात्र दुसऱ्या बायका आणायचे. शेवंतानं एकदा माणसं पुरवणाऱ्याला विचारलंच, "का वो पावणं, आमी लग्नाला चालत न्हाय व्हय?" त्यो म्हंटला, "तुमची तोंडं तशी न्हाईत." ही म्हंटली, "तुमचं तरी कुटं हाय? तुमाला बघून नवरी मांडवातनं पळंल की." बायका पोट धरून हसल्या. पुढं लई दिवस आमाला कामाचं बोलावणं आलं न्हाय.

सुमी नऊ वर्षांची होती तवा कागलजवळ बाजाराचा सीन होता. पोरं पण पाहिजेत म्हंटले, म्हणून शेवंतानं तिला शाळा बुडवून नेलं. डोक्यावर मेथीच्या पेंड्यांचं गाठोडं दिलं आन् सांगितलं, हिकडनं तिकडं जायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाय. पोरीनं बघितलंच. एवढंच. त्याच दिवशी शाळेत फोटोवाला आलता, सगळ्या वर्गाचा फोटो निघाला. सुमी त्यात न्हाय. त्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. आमच्या घरात फोटो काढायची ऐपत कुणाची? पोरीचा एक फोटो न्हाय. शेवंता त्यावर कधी रडली न्हाय माझ्यासमोर, पर शाळेच्या रस्त्यानं ती परत गेली न्हाय. दोन गल्ल्या वळसा घालायची.

मग पिक्चरच्या सीड्या आल्या. बिंदू चौकापासनं सुरू करून ती दिसंल त्या फुटपाथवर बसायची आन् सीड्यांची कव्हरं उलटीपालटी करायची. पिक्चरची नावं आमाला कुणी सांगितलीच नव्हती. आमच्यात मोळीचा पिक्चर, हंड्याचा पिक्चर, आगीचा पिक्चर, असंच चालायचं. दुकानदार विचारायचा, "मावशी, कुठला पाहिजे?" ही म्हणायची, "मेथीचा." त्यो डोक्याला हात लावायचा. कव्हरावर सगळीकडं हिरो, त्याची मिशी, त्याची बाई. त्यातनं मेथीचा कसा ओळखायचा? मग तिनं एकेक आणून बघायचा सपाटा लावला. घरात सीड्यांची चवड झाली. मी म्हणायचे, "शेवंते, खुळी हाईस काय? पिक्चर बघून पोट भरतंय?" ती म्हणायची, "आक्का, तुमी झोपा." आन् एका दुपारी तिनं मला हाक मारली. हिरो भाव करत उभा हाय, आन् त्याच्या मागनं गाठोडं घेऊन आमची सुमी. डोळं मिटून उघडायच्या आत जात्या. पर जाता जाता बघत्या… सरळ आमच्याकडं.

सीडीला चरे पडत्यात. दीपक तवर पुण्याला नोकरीला लागलेला. त्यानं त्याचा जुना कंप्युटर आन् एक भाईरची हार्डडिस्क, डबीएवढी, आणून दिली, सगळे पिक्चर त्यात भरले, काकीला चालू-बंद शिकवलं, पिक्चर थांबवून चित्र काढायचं बटण दाखवलं आन् गेला. त्या डबीत प्रत्येक पिक्चरचं एक खानं, आन् खान्यावर कव्हराचं चित्र येतंय. शेवंतानं हळूहळू सगळे हिरो काढले. मेथीच्या पिक्चरवर सुमी लावली. मोळीच्या पिक्चरवर आमच्या गल्लीतला म्हादबा, जो बैलगाडीमागं उभा होता आन् पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची बायको बघायला आली तवा पदर तोंडात घालून बसली. म्हंटली, "शेवंते, माझ्याकडं ह्यांचा असा दाढी केलेला फोटोच न्हाय बघ." मग बायका येऊ लागल्या. कुणाची सासू हंड्याच्या रांगेत होती, कुणाचा भाऊ आगीत बोंबलत होता. शेवंता मागं-पुढं करत शोधायची, चेहरा सापडला की थांबवायची आन् तेच कव्हर. चित्र धुरकट यायचं, अर्धं तोंड यायचं. कुणी नावं ठेवली न्हाईत.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हंजे आमच्यातल्या दिवसकार्याला, दीपक आला. आदल्या दिवशी त्यानं ती डबी उघडली. मी सैपाकात होते. त्यानं नेटचं कायतरी जोडलं आन् बटण दाबलं. मला हाक मारून म्हंटला, "आई, बघ. काकीचं सगळं कसं वेडंवाकडं होतं, धुरकट चित्रं लावलेली. मी ओरिजिनल कव्हरं आणली. पाहुण्यांना दाखवू, काकीचा संग्रह." मी बघितलं. सगळीकडं हिरो. मिश्या. सुमी न्हाय, म्हादबा न्हाय, कोण म्हणजे कोण न्हाय.

"पहिली कुटं हाईत?"

"ती गेली. त्यांच्याच जागी ही बसली."

मी हातातली पळी तितंच टाकली. म्हंटलं, "दीप्या, तुझ्या बहिणीला घालवलीस तू घरातनं." त्याला कळंना. मग मी सांगितलं. त्याला सुमी आठवत होती, तिचं गाठोडं न्हाय. तोंड उतरलं त्याचं. म्हंटला, "मला काय म्हाईत? मी चांगल्यासाठीच…" मी म्हंटलं, चांगल्यासाठीच करत्यात सगळे. त्यो माणसं पुरवणारा पण चांगल्यासाठीच निवडत होता. गोरी गोरी पुढं, आमी मागं. आता मागनं पण हाकललंस.

पाहुणे आले, बुद्धवंदना झाली, पाहुणे गेले. मी दीपकशी बोलले न्हाय. दुसऱ्या दिवशी त्याला कंप्युटरपुढं बसवला आन् म्हंटलं, मेथीचा पिक्चर लाव. कुठला ते त्याला ठाऊक न्हाय, मला नाव ठाऊक न्हाय. सगळी कव्हरं सारखीच दिसायची. एकेक उघडत गेलो. संध्याकाळी बाजार आला. मी म्हंटलं, थांब. पुढं गेला. मागं घे. परत गेला. मग सापडली.

दीपकनं चित्र काढायचं बटण दाबलं. मग हळूच म्हंटला, "हिरोचं कोपर मधी येतंय. कापू?" मी बघितलं. कोपर कापलं तर गाठोड्यावरचा पोरीचा हात जातोय.

म्हंटलं, "राहू दे. त्याचं कोपर आपल्या पोरीच्या कव्हरावर आलंय, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

म्हादबा सापडायचाय. हंड्याच्या रांगेतली सासू, आगीतला भाऊ, सगळी सापडायची हाईत. कोण कुठल्या पिक्चरात, कुठल्या जागी, ते शेवंताच्या डोक्यात होतं, आन् तिनं ते कुणाला सांगितलं न्हाय, त्याचा पण मला राग हाय. बायका अजून दारात येत्यात. म्हंत्यात, आमचं माणूस हाय न्हवं त्यात? मी हाय म्हणते. दीपक सुट्टी मिळंल तसा पुण्यासनं येतोय. मी त्याला च्या देते, जेवायला घालते, बोलत न्हाय. नुसतं म्हणते, लाव. आन् त्यो लावतोय.