मोटारीची झूल

पारोळ्याहून धुळ्याला जाताना मोटारीच्या नाकातून वाफ उसळली, तेव्हा माझा नवरा मागच्या बाकावर निपचित पडला होता. कपाशीत साप चावलेला, पोटरीला माझ्या लुगड्याची पट्टी बांधलेली, ओठ काळेनिळे. दवाखाना धुळ्यात, अजून निम्मी वाट बाकी. आणि गाडी चालवणारे माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, खाली उतरून मोटारीलाच विचारत होते, "काय व्हयनं वं तुले? काल तुना पोया करा, तरी रुसनी?"

मोटारीला बैल समजणारा दुसरा माणूस सगळ्या खानदेशात झाला नसेल. सगळे त्यांना आबा म्हणत. सकाळी तिच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय ते हँडल फिरवत नसत. चढ आला की जीभ टाळूला लावून तिला चुचकारत. पोळ्याला तिच्या चाकांना गेरू, दिव्यांना बाशिंग, बॉनेटवर पुरणपोळी, आणि नाकावर आरशांची जाड झूल. माझ्याशी मात्र आबा कधी बोलले नाहीत. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिने त्यांना तोंड दाखवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चहा हवा असला की ते ओसरीवरच्या खांबाला सांगत. साखर जास्त झाली तर तेही खांबालाच. बाकीचे निरोप नवरा पोचवायचा, आणि आता तोच बोलत नव्हता.

आबांनी बॉनेट उघडलं. पट्टा ताणून पाहिला, तेल बोटावर घेऊन हुंगलं, इंजिनाला कान लावू गेले तर कान भाजला. गाडी निवल्यावर विहिरीचं पाणी ओतलं. दोन शेतं पुढे जाऊन ती पुन्हा उकळली. रस्त्याने बैलगाड्या चालल्या होत्या. एक गाडीवान थांबून म्हणाला, "आबा, नाकमा येसन घाल, मंग चालीन ती." सगळे हसले. सजवलेल्या मोटारीत मरणाच्या दारातला नवरा घेऊन मी बसलेली, आणि लोक हसतात. भुईने पोटात घ्यावं असं वाटलं.

पदराआडून मला ती झूल दिसत होती. मोटारीचं नाक तिने घट्ट झाकलेलं, वारा आत जाणार कुठून? गोठ्यात बैल धापा टाकायला लागला तर आबा आधी झूल उतरवत. आयुष्यभर मोटारीला बैल मानलं, आणि नेमकं त्या दिवशी त्यांना मिस्त्री व्हायचं होतं.

आबा खांबाशी बोलत, तसं आबांना ऐकू जाईल असं मी मोटारीशीच बोलणार होते. पण नवऱ्याच्या तोंडाला फेस आला, तशी मी खाली उतरले. डोक्यावरचा पदर कधी घसरला कळलं नाही.

"आबा, बैल हाफाले लागना ते पह्यले काय करतस? झूल काढतस ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनाही झालं असावं, कारण माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी झुलीची गाठ सोडली. गार झालेल्या गाडीत पाणी भरून ते तिला हळूच म्हणाले, "आते चाल, माय. तुना मालकले अक्कल उनी."

धुळ्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही.

पुढे कित्येक दिवस आबा खांबाकडेसुद्धा चहा मागेनात. मग एके सकाळी ओसरीवरून आवाज आला, "कोणी चहा देईन का? साखर बेतानी." मी चूल पेटवली. नंतर प्रत्येक पोळ्याला झूल निघाली, पण मोटारीच्या टपावर घातली गेली, आणि घालताना टपावर हात ठेवून आबा खांबाला विचारत, "आठे चालीन ना?"

नवरा वाचला, पुढे म्हातारा होऊन गेला. आबा त्याच्या आधीच गेले. त्या मोटारीतल्या तिघांपैकी आता मी तेवढी आहे.