लाल गाडी कल्याणला पोचवायची होती

चारधामला निघालेल्यांना निरोप द्यायलाही आमच्या नौपाड्यातली बिल्डिंग जेवढी खाली उतरत नाही, तेवढी त्या रविवारी सकाळी उतरली होती. आम्ही जाणार होतो कल्याणला.

गर्दी माझ्यासाठी नव्हती आणि अण्णामामासाठीही नव्हती. गर्दी गाडीसाठी होती. अण्णामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. जन्मभर जहाजांवर इंजिनीयर, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून त्याने ही गाडी घेतली. इटालियन, लालभडक, टप उघडणारी, दोनच सीटांची आणि स्टिअरिंग डावीकडे. उंची इतकी कमी की शेजारच्या काकू तिला 'ती बसलेली गाडी' म्हणायच्या.

सगळ्यांना वाटलं, मामा तिला झाकून ठेवेल आणि दसऱ्याला हार घालेल. मामा तिच्यातून रोज कोथिंबीर आणायला जायचा. दळणाचा डबाही तिच्यातूनच जायचा. पहाटे घोडबंदर रोडला एक चक्कर ठरलेली; तेव्हा तिकडे झाडी आणि खाडीचा वारा, बाकी काही नाही. कोणी हळहळलं की तो म्हणायचा, "उभी ठेवली तर टायर चपटे होतील, रबरं तडकतील. आणि ठेवू कोणासाठी? वर जाताना बरोबर नेऊ देतात का?"

मग त्याला काचबिंदू निघाला. समोरचं धूसर, कडेचं काहीच नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली. त्याने मला चालवायला शिकवलं, पण घरच्यांनी विकायचाच धोशा लावला. कल्याणच्या एका कंत्राटदाराला जुन्या गाड्या जमवायचा नाद होता. एका संध्याकाळी मामा कोणाकडे न बघता 'हो' म्हणाला. फक्त ट्रकवर चढवून न्यायला तयार होईना. "ती काय म्हैस आहे? स्वतःच्या चाकांनी जाईल. शुभा नेईल."

शुभा म्हणजे मी. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत केमिस्ट.

डावीकडच्या स्टिअरिंगची गंमत अशी की पुढे ट्रक असला तर समोरून काय येतंय ते फक्त उजवीकडच्या माणसाला दिसतं. उजवीकडे मामा बसलेला.

"मामा, जाऊ का पुढे?"

"जा बिनधास्त."

"समोरून काही येतंय का?"

"ते मला कसं दिसणार? तू विचारलंस, मी परवानगी दिली."

कळव्याला हवालदाराने हात केला. तो सरळ उजव्या बाजूला गेला आणि मामाकडे लायसन्स मागितलं.

"लायसन्स नाही," मामा म्हणाला. "डोळेही गेलेत जवळजवळ."

हवालदार गार पडला. मग त्याला मामाच्या पुढ्यात स्टिअरिंग नसल्याचं दिसलं आणि शेवटी मी दिसले. "अरे, बाई चालवतेय," तो स्वतःशीच म्हणाला. आंधळा चालवत असता तर त्याला एवढा धक्का बसला नसता. माझं लायसन्स त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि आम्हाला सोडलं.

मुंब्र्याला रेतीबंदरापाशी इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफा. शेजारी पसरलेली खाडी खारी, रेडिएटरला काय उपयोग? रस्त्याकडेला एक कोळीण मासळीची पाटी उतरवून बसली होती. ती उठून गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"कवरी बुटकी गारी गो ही! (केवढी बुटकी गाडी ही!) दाबून बसवली का काय?"

"तापलीय मावशी. गोडं पाणी मिळेल?"

तिने पलीकडच्या घरातून हंडा आणला, आम्ही थांबून थांबून पाणी ओतलं. "कुठं निंगाली?" तिने विचारलं. विकायला, असं मी सांगितल्यावर तिने मामाकडे पाहिलं. "म्हाताऱ्याचा जीव त्यानच हाय. (जीव तिच्यातच आहे.) कला इकते?"

कशाला विकते, हा प्रश्न मी मामाकडे वळवला. मामाने ऐकू न आल्याचं सोंग केलं. त्याचे कान तर उत्तम होते.

शीळफाट्याला ट्रकांचा चक्का जाम. आमच्या गाडीतून ट्रक दिसत नाहीत, ट्रकांची चाकं दिसतात. अर्धा तास धूळ खात मी चाकांचे नट बघत बसले. मग रस्ता मोकळा झाला, मी तिसरा गिअर टाकला, मागून सायलेन्सरचा खर्जातला आवाज आला आणि गाडीने अशी उडी घेतली की माझी ओढणी मामाच्या तोंडावर. मी मोठ्याने हसले. मामा ओढणीच्या आतून ओरडला, "चौथा टाक, चौथा!"

डोंबिवलीत कांदेपोह्यांसाठी थांबलो. प्लेटमध्ये चमचा घालेपर्यंत गाडीला वेढा. धोतर-कोटातले एक आजोबा पुढे झाले.

"ॲव्हरेज काय देते?"

"पेट्रोलपंप दिसला की थांबते, एवढं माहीत आहे," मामा म्हणाला.

"डिकीत काय मावतं?"

"एक नारळ. सोललेला."

"मग उपयोग काय हो हिचा?"

मामाने मान माझ्याकडे वळवली. "हिला विचारा. मघाशी शीळफाट्याला वेड्यासारखी हसत होती."

पुढे कल्याणपर्यंत मी चौथा टाकलाच नाही.

कंत्राटदार शेठ माणूस अगदी अदबीचा. शेड लख्ख. आत आठ-दहा गाड्या विटांवर चढवलेल्या, बॅटऱ्या काढलेल्या, वर पांढऱ्या चादरी. शवागारातही एवढी स्वच्छता नसते. मामा चाचपडत एका बॉनेटपाशी गेला.

"काका, हात नको, डाग पडतात."

"शेवटची कधी चालवली ही?"

"चालवतो कुठे? चालवली की खराब होते." शेठनी माझ्यापुढे हात केला. "ताई, किल्ली."

किल्ली माझ्या मुठीत होती. मूठ उघडेना.

"दिलीस?" मामाने विचारलं.

"नाही."

"का गं?"

"मला चालवायचीय. रोज. ऑफिसला नेईन, बाजारात नेईन. खराब झाली तर होऊ दे."

मामा शेठकडे वळला. "मी तुम्हाला शब्द दिलेला. तो परत घेतो. आयुष्यात असं कधी केलं नाही, लाज वाटतेय. पण घेतो."

आमच्यासाठी आलेला चहा आमच्यासमोरून आत परत गेला.

येताना दुर्गाडीवरून कोन, भिवंडी असे आलो. रस्ता खड्ड्यांचा, गाडीचं पोट दोनदा घासलं आणि दोन्ही वेळा मामा खूश होऊन म्हणाला, "गेला रंग!" कशेळीच्या पुलावर ऊन तिरपं झालं होतं. बिल्डिंगखाली आलो तेव्हा आई गॅलरीत उभी. गाडी बघून तिने कपाळाला हात लावला आणि आत जाऊन दोन कप चहा जास्त टाकला.

नंतर अनेक वर्षं मी त्या गाडीतून कामाला गेले. रंग उडाला, सीट फाटली, एक दिवा वेगळ्याच जातीचा लागला. परदेश बघून आलेल्यांची वर्णनं मी ऐकते, पण एवढ्याशा कल्याणने माझं जेवढं बदललं तेवढं त्यांचं कुठल्या शहराने बदललेलं मला दिसलं नाही. नव्वदचं दशक सुरू झालं तोवर मामाची नजर पूर्ण गेली. काळा चष्मा लावून तो उजवीकडे बसायचा आणि लोक त्यालाच ड्रायव्हर समजून किंचाळत बाजूला व्हायचे. त्याला ते फार आवडायचं.

एका रविवारी माजिवड्याला आमच्यापुढे टेम्पो, टेम्पोपुढे लग्नाची वरात, वरातीपुढे नेमकं काय ते मलाही दिसत नव्हतं.

"शुभे, पुढे मोकळं आहे?"

"एकदम मोकळं, मामा."

"मग चौथा टाक की!"